पट्टी सुटल्यानंतर

यंदाच्या वार्षिकासाठीं कांहीं तरी लिहून द्यावें, अशी संपादक-मंडळाची चिठ्ठी दिवाळीच्या सुटीपूर्वींच हातीं पडली. दरसाल आम्ही गणितांतील एखादें कोडें किंवा भूमितीच्या इतिहासांतील एखादी हकीकत देऊन आपली सुटका करून घेत असतों. यंदा मात्र घरांतलीच एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगावी कीं नाहीं याचा आम्हीं बराच विचार केला, आणि जिची ती गोष्ट आहे तिची परवानगीहि मागितली. "माझें नांव घालूं नका, मग खुशाल लिहा," असें ती म्हणाली. तेव्हां या लेखांत ती 'धाकटी' एवढ्याच नांवानें वावरेल. यंदा ती आठवीच्या वर्गांत आहे.

इ.स. २०१७ सालीं धाकटी बालवर्गांत होती. त्या वर्षीं तिच्या शाळेंत मुलांचे डोळे तपासले गेले. डावा डोळा झांकला तेव्हां ती मुकाट्यानें उभी राहून चित्रें ओळखीत होती. पण उजवा झांकतांच तपासणाऱ्या बाईंचा हात दूर सारूं लागली, आणि पुन्हां झांकला तेव्हां रडूंच लागली. बाईंनीं घरीं चिठ्ठी पाठविली. ती आमच्या सदऱ्याच्या खिशांत पंधरा दिवस पडून राहिली. पोर हट्टी आहे, अनोळखी माणसास भ्याली असेल, असा आमचा निकाल होऊन गेला होता. लहान मूल चांगला डोळा झांकूं देत नाहीं याचें कारण उरलेल्या डोळ्यानें त्यास फारसें दिसतच नसतें, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानांत आली नाहीं. आणि आम्ही तर मुलांस तर्कशुद्ध विचार शिकविणारे! शेवटीं सदरा धुण्यास टाकतांना ती चिठ्ठी तिच्या आईच्या हातीं लागली. आई आमच्याशीं कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहिल्या एस. टी. नें पोरीस घेऊन मिरजेस गेली.

तेथील डॉक्टरीणबाईंनीं डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होण्याचें औषध घालून दोन्ही डोळे नीट पाहिले. उजव्या डोळ्याचा नंबर अधिक एक, तर डाव्याचा अधिक पांच निघाला. शिवाय डावा डोळा नाकाकडे किंचित् वळलेला होता. पण तो इतका किंचित् कीं, घरांत कोणासहि कधीं दिसला नाहीं. डोळा उघड उघड तिरळा असला म्हणजे आजी, आत्या, शेजारीण, सगळ्यांचें लक्ष जातें आणि मूल वैद्याकडे पोहोंचतें. येथें तसें कांहीं नव्हतें. पोर गोड दिसत होती, धांवत होती, खेळत होती; कारण तिचा सारा कारभार एकटा उजवा डोळा पाहत होता. डाव्याची दृष्टि ६/३६ भरली. म्हणजे निर्दोष दृष्टीचा मनुष्य जें अक्षर छत्तीस मीटरांवरून वाचील, तें या डोळ्यास सहा मीटरांवरून कसेंबसें वाचतां येई. अक्षरांचा हा तक्ता हॉलंडमधील स्नेलेन नांवाच्या नेत्रवैद्यानें १८६२ सालीं तयार केला. आज त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या असल्या, तरी आपल्याकडील दवाखान्यांतून तोच भिंतीवर टांगलेला असतो.

या विकारास 'आळशी डोळा' असें म्हणतात. हें नांव आम्हांस मुळींच पसंत नाहीं. डोळ्यांत दोष असा कांहींच उरत नाहीं. चष्मा लावल्यावर त्याच्या पडद्यावर चित्र अगदीं स्वच्छ उमटतें. परंतु बालपणीं जीं वर्षें मेंदूनें दोन्ही डोळ्यांकडून पाहण्यास शिकावयाचें, त्या वर्षांत एका डोळ्याकडून सतत अंधुक किंवा न जुळणारें चित्र येत राहिलें, म्हणजे मेंदु त्याचें ऐकणें सोडून देतो. मग तो डोळा वर्गांतील अशा मुलासारखा होतो, कीं ज्यास गुरुजी कधीं प्रश्नच विचारीत नाहींत. त्यास आळशी कोणी म्हणावें? डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल या दोन शास्त्रज्ञांनीं १९६० नंतरच्या वर्षांत मांजरीच्या पिलांवर प्रयोग केले. पिलाची एक पापणी कांहीं आठवडे शिवून ठेवली आणि नंतर उघडली, तर डोळा धड असूनहि मेंदूंतील पेशी त्याच्या संदेशास जवळ जवळ दाद देईनात. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला तर असें कांहीं होईना. या व इतर संशोधनाबद्दल त्या दोघांस १९८१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. शंभर मुलांत दोनतीन मुलांस हा विकार असतो, असा साधारण अंदाज आहे. आपल्या शाळेंतील दोन वर्गांच्या पटावर दृष्टि टाकली तरी त्यांत असें एखादें मूल निघावयाचें.

उपचार ऐकण्यास सोपा आहे. प्रथम चष्मा, नुसत्या चष्म्यानेंच कित्येक मुलांची दृष्टि बरीच सुधारते. धाकटीची चार महिन्यांत ६/२४ पर्यंत आली. त्यानंतर चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे दुसऱ्यास काम करणें भाग पडतें. ही युक्ति नवी नाहीं. फ्रान्समधील प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ ब्युफों यानें १७४३ सालींच तिरळ्या डोळ्यांविषयींच्या निबंधांत तिचें वर्णन केलें आहे. पूर्वीं पट्टी दिवसभर बांधीत. पुढें अमेरिकेंतील नेत्रवैद्यांनीं मुलांचे गट पाडून पद्धतशीर तुलना केली, आणि मध्यम प्रतीच्या विकारास रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच गुणकारी ठरते, असें २००३ सालीं दाखवून दिलें. चांगल्या डोळ्यांत अ‍ॅट्रोपीनचा थेंब घालून तो कांहीं काळ अंधुक केला तरी जवळ जवळ तसाच गुण येतो, हें त्यांनीं आदल्याच वर्षीं सिद्ध केलें होतें.

ऐकण्यास सोपा असें म्हटलें, करण्यास नव्हे. चिकटपट्टीखालीं कातडी लाल होई. धाकटी ती उपटून फरशीखालीं, तांदळाच्या डब्यांत, एकदां तर आमच्या चपलेच्या तळाला चिकटवून ठेवी. थोरल्या चिरंजीवांनीं तिचें नांव 'शुक्राचार्य' असें ठेवलें. तेव्हां तिच्या आईनें एका संध्याकाळीं त्याच्याहि डोळ्यावर पट्टी लावली आणि तशाच स्थितींत त्यास कंदील घेऊन वाण्याकडून गूळ आणावयास पाठविलें. परत आल्यावर त्यानें तें नांव आपण होऊन सोडलें. दोन तासांनीं सुधारणा थांबली, तेव्हां डॉक्टरीणबाईंनीं सहा तास करावयास सांगितले. पट्टी लावून चित्रें रंगविणें, मणी ओंवणें, तांदूळ निवडणें, अशीं कामें घरांत सुरू झालीं. २०१८ सालच्या डिसेंबरांत डावा डोळा ६/९ वर आला.

त्या दिवशीं आम्हीं पेढे वांटले. डॉक्टरीणबाईंनीं सांगितलें होतें कीं, पट्टी एकदम सोडूं नका, सहा तासांवरून दोन तासांवर आणा, आणि दर तीन महिन्यांनीं दाखवून जा. आम्हीं तें मान डोलवून ऐकलें. परंतु घरीं आल्यावर पोरीच्या लाल गालाकडे पाहून आजीचें मन द्रवलें, आमचेंहि द्रवलें, आणि पट्ट्यांचा डबा कपाटाच्या वर गेला तो खालीं आलाच नाहीं. मार्चमध्यें परीक्षांचे पेपर तपासावयाचे होते. एप्रिल-मे लग्नसराईंत गेले. जूनमध्यें मिरजेस गेलों, तों डोळा ६/१८ वर घसरलेला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहींत, हें फार जड गेलें. उपचार थांबविल्यानंतर वर्षभरांत सुमारें चौथा हिस्सा मुलांची दृष्टि पुन्हां घसरते, असें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत आढळलें आहे. सहा-आठ तासांची पट्टी ज्यांनीं एकदम सोडली, त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा ४२ होतें. ज्यांनीं ती अगोदर दोन तासांवर आणून मग सोडली, त्यांच्यांत शेंकडा १४. आम्ही कोणत्या टोळींत मोडलों तें निराळें सांगावयास नको. डबा खालीं आला. सात वर्षांच्या मुलीस पुन्हां पट्टी लावणें हें पांच वर्षांच्या मुलीपेक्षां किती कठीण, तें तिच्या आईसच विचारावें. २०२० सालच्या आरंभीं ६/९ पुन्हां दिसलें, आणि या वेळीं आम्हीं पेढे आणले नाहींत.

येथवरची गोष्ट अनेक घरांतून घडते, आणि बहुतेकजण ती येथेंच संपली असें समजतात. आमचीहि तीच समजूत होती. तक्त्यावरील ओळ वाचतां आली, म्हणजे डोळा बरा झाला! पण त्याच भेटींत डॉक्टरीणबाईंनीं एक पुस्तक काढलें. त्यांत माशीचें एक मोठें चित्र होतें. विशिष्ट चष्मा घालून पाहिलें कीं उजव्या डोळ्यास एक व डाव्यास किंचित् निराळें असें चित्र दिसतें. दोहोंचा मेंदूंत मेळ बसला म्हणजे माशी कागदावरून वर उचललेली भासते. मुलास सांगतात, "तिचे पंख चिमटींत धर." थोरल्यास प्रथम बसविलें. तो दचकून मागें सरला, आणि मग कागदापासून दोन बोटें वर, हवेंतच, चिमटी घेऊं लागला. धाकटीची पाळी आली. तिनें बोटें सरळ कागदावर टेकविलीं आणि पंख खरवडून पाहिला. मग आमच्याकडे वळून विचारलें, "बाबा, दादा हवेंत कां चिमटे घेत होता?"

या प्रश्नास आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. भूमिति शिकविणाऱ्यास तें येावयास हवें होतें. आपल्या दोन डोळ्यांत सुमारें सहा सेंटिमीटरांचें अंतर असतें. म्हणून प्रत्येक डोळ्यास वस्तु थोड्या निराळ्या कोनांतून दिसते, आणि त्या दोन चित्रांतील फरकावरूनच मेंदु खोली ओळखतो, हें व्हीट्स्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३८ सालीं आरशांचें एक यंत्र करून दाखविलें. हा मेळ घालण्याची शक्ति बालपणींच घडते. पट्टीनें एकेका डोळ्याची ताकद वाढते. परंतु दोघांनीं मिळून पाहणें ही विद्या निराळी आहे, आणि ती पट्टीबरोबर आपोआप येतेच असें नाहीं. विशेषतः डोळा थोडाहि तिरळा असल्यास ती अनेकदां अपुरी राहते. दोन्ही डोळ्यांस एकाच वेळीं कामास लावणारे पडद्यावरचे नवे उपचार अलीकडे निघाले आहेत, व अमेरिकेंत २०२१ सालीं त्यांपैकीं एकास सरकारी मान्यताहि मिळाली. पण खोलीची जाणीव परत आणण्याचें काम त्यांनाहि अजून अवघडच जात आहे.

अशीं मुलें आंधळीं चांचपडत नाहींत. जवळची वस्तु लांबच्या वस्तूस झांकते, लांबचें झाड लहान दिसतें, सांवल्या पडतात, मान हलवली कीं जवळचें भराभर सरकतें. यांवरून तीं अंतराचा अंदाज बांधतात, आणि इतका बेमालूम बांधतात कीं घरच्यांस संशय येत नाहीं. अडतें तें बारीक व झटपट कामांत. धाकटीच्या हातून झेल सुटे. लगोरींत ती नेम बरा मारी. पण लगोर रचतांना वरची चकती कांठावर टेके आणि ढीग कोसळे. सुईंत दोरा ओंवतांना ती आधीं बोटानें सुईचें नाक शोधी. ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन येथें अशा मुलांच्या हातांचें कसब मोजून पाहिलें, तेव्हां इतर मुलांच्या मानानें तें कमी भरलें, आणि घड्याळ लावून करावयाच्या कामांत तर विशेषच. ती पाहणी २००८ सालीं प्रसिद्ध झाली. आम्ही मात्र इतकीं वर्षें या साऱ्यास एकच शब्द वापरीत आलों होतों, तो म्हणजे 'वेंधळी'.

वाचनाचेंहि तसेंच. या डोळ्यास सुटें अक्षर ज्या आकाराचें वाचतां येतें, त्याच आकाराचें अक्षर दोन्ही बाजूंनीं दुसऱ्या अक्षरांनीं वेढलें असतां ओळखूं येत नाहीं. अक्षरें जणूं एकमेकांत घुसतात. तिरळ्या डोळ्यांत हा दोष अधिक असतो. आपल्या देवनागरींतील काना, मात्रा, रफार, जोडाक्षरें डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्याचा अर्थ कळेल. पण दुसरा डोळा तर उत्तम असतो ना? दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचतांना त्या एकाच्या जोरावर सर्व सुरळीत चालावयास हवें. तसें होत नाहीं. अमेरिकेंतील डॅलस येथें क्रिस्टा केली, आयलीन बर्च व त्यांचे सहकारी यांनीं दोन्ही डोळे उघडे असतांना मुलांचें वाचन तपासलें, तेव्हां या विकाराच्या मुलांची गति कमी आढळली. दृष्टि एका जागीं स्थिर ठरत नाहीं, ओळीवरून पुढें सरकण्यास अधिक उड्या घ्याव्या लागतात. त्यांचाच २०१८ सालचा दुसरा एक लेख वाचून आम्ही वर्तमानपत्र बाजूस ठेवावें तसा तो बाजूस ठेवला आणि उठून अंगणांत गेलों. त्यांत असें दाखविलें होतें, कीं पर्यायी प्रश्नांच्या उत्तरपत्रिकेवरील वर्तुळें भरण्यास या मुलांस इतरांपेक्षां बराच अधिक वेळ लागतो.

अंगणांत जाण्याचें कारण असें. २०२३ सालीं धाकटी पांचवींत असतां शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसली. गणिताची तयारी आम्हीं स्वतः करून घेतली होती. घरीं तोंडीं विचारलें तर एकहि उत्तर चुकत नसे. परीक्षा झाली, आणि कळलें कीं शेवटचे आठ प्रश्न राहिले. शिवाय मध्यें एका ठिकाणीं ओळ चुकून पुढचीं चार वर्तुळें एकेक घर खालीं गेलीं. "लक्ष कोठें होतें तुझें?" असें आम्हीं तिला सर्वांदेखत विचारलें. परतीच्या वाटेवर ती एस. टी. च्या खिडकीबाहेर पाहत बसली. आम्ही आणखी बरेंच कांहीं बोललों, तें येथें लिहवत नाहीं. तो लेख आमच्या हातीं पडला त्यानंतर आठ महिन्यांनीं. आम्हीं तिची क्षमा मागितली. तिनें हिशेबी प्रश्न केला, "मग मला जास्त वेळ मिळाला असता का?"

त्या दिवसापासून वर्गांत आमची नजर निराळी झाली आहे, असें म्हटल्यास आत्मस्तुतीचा दोष लागेल. कारण त्यापूर्वीं वीस वर्षें ती तशी नव्हती. फळ्यावरील ओळ उतरून घेतांना मधलाच शब्द गाळणारा, शेवटचें गणित नेहमींच अपुरें ठेवणारा, मैदानावर झेल सोडून हंशा ओढवून घेणारा, अशी कितीएक मुलें आम्हांस आठवतात. त्यांपैकीं सर्वांचा डोळाच तसा होता असें मुळींच नव्हे. पण एकासहि आम्हीं कधीं "लहानपणीं डोळ्यावर पट्टी होती का रे?" असें विचारलें नाहीं. आतां प्रत्येक नव्या वर्गास जूनमध्यें विचारतों. यंदा एक हात वर आला. त्या मुलास पहिल्या बांकावर बसविलें आहे, त्याची प्रश्नपत्रिका मोठ्या टाइपांत छापून घेतों, आणि घटक चाचणीस दहा मिनिटें अधिक देतों. शाळेच्या हातीं आहे तेवढें शाळेनें करण्यास कोणाच्या हुकुमाची वाट पाहावी लागत नाहीं.

पालकांसाठीं दोन गोष्टी घाईनें सांगून टाकतों. सातव्या वर्षाच्या आंत उपचार झालेला सर्वांत बरा. पण तें वय उलटलें म्हणून हात जोडून बसूं नये. २००५ सालच्या एका मोठ्या पाहणींत सात ते बारा वर्षांच्या मुलांस चष्म्याबरोबर पट्टी व औषध दिलें, तेव्हां निम्म्याहून थोड्या अधिक मुलांस गुण आला. नुसत्या चष्म्यानें चौथा हिस्सा मुलांस. दुसरी गोष्ट चांगल्या डोळ्याची. तोच घरचा मिळवता आहे. विटीदांडू, गलोल, दिवाळींतील फटाके यांच्या वेळीं अशा मुलाच्या डोळ्यावर न फुटणाऱ्या कांचेचा चष्मा असलाच पाहिजे, मग नंबर असो वा नसो.

धाकटीस आतां माशीचे पंख कागदापासून थोडेसे उचललेले दिसतात. त्याच पुस्तकांतील वर्तुळांच्या परीक्षेंत ती पहिल्या दोनतीन पायऱ्या चढते, पुढें सर्व सपाट. बॅडमिंटन तिनें आपण होऊन सोडलें आणि कॅरम धरला. तेथें सोंगटी फळीवरून उठत नाहीं. चहा मात्र रोज तीच ओतते, आणि तिची रीत ठरलेली आहे: किटलीची तोटी आधीं कपाच्या कांठास टेकवावयाची, टण् असा आवाज आला कीं मग हात कलता करावयाचा. पूर्वीं या आवाजावर घरांत कोणी ना कोणी ओरडत असे. आमच्या घरच्या सहा कपांपैकीं तिघांच्या कांठाचे टवके उडाले आहेत. नवे आणावयाचे असें तिच्या आईनें दोनदां ठरविलें, आणि दोनदां राहून गेलें.